देणं कबूल, हिशोब नाकबूल

समन्स आलं तेव्हा त्यानं पाकीट उघडलं, पहिलं पान वाचलं, पुन्हा होती तशी घडी घातली आणि गॅसच्या पुस्तकात ठेवून दिलं. सिलिंडर हल्ली मोबाईलवरून बुक होतो, ते पुस्तक कोणी उघडत नाही, त्यामुळे जागा तशी बिनधोक होती. सव्विसाव्या दिवशी बायकोला दुसरंच काही शोधताना ते सापडलं आणि त्याच संध्याकाळी दोघं माझ्याकडे आली. तो चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर. ओव्हरटाइम बंद झाला, मग आईचं आजारपण आलं, आणि क्रेडिट कार्डाचे हप्ते थांबले. दाव्याची प्रत माझ्यापुढे सरकवत तो म्हणाला, “वकीलसाहेब, पैसे आपणच वापरलेत. आता कोर्टात जाऊन सांगायचं काय?”

दिवाणी कोर्टात पंचवीसेक वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की कार्डाच्या थकबाकीत सापडलेला माणूस उच्चारतो त्यातलं हे सगळ्यात प्रामाणिक वाक्य असतं, आणि सगळ्यात महागही. देणं कबूल असणं आणि हिशोब कबूल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शरमलेल्या माणसाला सुचत नाही. तो गप्प बसतो. आणि दिवाणी न्यायाची सगळी रचना अशी की गप्प बसणाऱ्यानं सगळंच कबूल केलं, असं धरूनच काम पुढे जातं.

त्याच्या अंदाजानं देणं होतं ऐंशी हजारांच्या आसपास. दाव्यात आकडा होता दोन लाख चौसष्ट हजारांच्या वर. त्याला वाटलं टायपिंगची चूक असेल. चूक नव्हती. महिना साडेतीन टक्के हा दर कानाला सौम्य लागतो. तो वर्षाला सरळ ४२ टक्के होतो आणि दरमहा चक्रवाढ धरली तर ५१. अठ्ठावीस महिने काही भरलं नाही तर ऐंशी हजारांचे दोन लाख नऊ हजार नुसत्या व्याजानं होतात. त्यावर दर महिन्याची लेट फी, आणि व्याजावर व फीवर १८ टक्के जीएसटी. कार्डाच्या व्याजावर जीएसटी लागतो हे पुष्कळांना समन्स आल्यावरच कळतं.

आता हा आकडा खरा की खोटा, हे ठरवायचं कुणी? न्यायाधीशानं, असं आपण सहज म्हणतो. पण न्यायाधीशापुढे दिवसाला शंभर प्रकरणं, आणि त्याच्यासमोर येतो तो फक्त कागद. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची, सबळ कारण असेल तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत थांबतं. नाही दिली तर रोजनाम्यात ‘नो डब्ल्यूएस’चा, म्हणजे लेखी कैफियत नसल्याचा, हुकूम होतो, हजरच झालं नाही तर दावा एकतर्फी चालतो. बँकेचा एक अधिकारी सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र दाखल करतो. हा अधिकारी बहुधा त्या शाखेत तेव्हा नव्हताच, त्यानं ते कार्ड दिलेलं नाही की तो माणूस पाहिलेला नाही. उलटतपासणी घ्यायला समोर कोणी नसतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्येच बजावलं आहे की कैफियत आली नाही एवढ्यानं यांत्रिकपणे हुकूमनामा देऊ नका, वादपत्र तपासून बघा. बघतातही. पण ज्या आकड्यावर कोणी बोटच ठेवलेलं नाही त्यात कोर्टानं काय शोधायचं?

आणि एकदा हुकूमनामा झाला की तो १२ वर्षं जिवंत राहतो. त्या मुदतीत बँक केव्हाही दरखास्त लावू शकते. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीपासून वाचतात, बाकी तृतीयांशाला हात घालता येतो. पेन्शनला आणि भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही. तुरुंगाची धमकी फोनवर सर्रास दिली जाते. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांच्या खंडपीठानं कोचीन बँकेच्या खटल्यात सांगून ठेवलंय की ऐपत नाही एवढ्या कारणानं कर्जदाराला दिवाणी कैदेत टाकता येत नाही, त्याची नियत खोटी असल्याचं दिसलं पाहिजे. पण हे सगळं पुढचं. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायला ३० दिवस असतात, आणि समन्स नीट बजावलेलं असेल तर ‘मला लाज वाटत होती’ हे त्यासाठी पुरेसं कारण होत नाही.

हे सगळं आपल्या मातीत एकदा घडून गेलेलं आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि त्यांनी खतं, रोखे, वह्या काढून जाळल्या. लोण पुणे-नगर भागातल्या गावांत पसरलं, साडेनऊशे माणसं पकडली गेली. शाळेत आपण त्याला दक्खनचे दंगे म्हणून चार ओळीत उरकतो. मला त्यात नेहमी लक्षात राहतं ते हे की त्यांचा मुख्य राग कागदावर होता. त्या काळच्या तक्रारींत एकतर्फी हुकूमनाम्यांचं गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा येतं. समन्स गावात पोचत नसे, पोचलं तरी वाचता येत नसे, वाचता आलं तरी बैल सोडून तालुक्याच्या गावी जाऊन सावकाराच्या वहीसमोर बोलायचं काय हे कळत नसे. सावकार एकटाच कोर्टात उभा राही आणि त्याची वही बोले.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दक्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे चार जिल्हे त्याखाली आले. या कायद्यातली एक तरतूद मी तरुण वकिलांना आवर्जून सांगतो, कारण आजच्या डोळ्यांना ती अद्भुत वाटते. न्यायाधीशानं रोख्याच्या मागे जायचं, व्यवहार सुरू झाला तिथपासून सगळा इतिहास तपासायचा, मुद्दल आणि व्याज यांचा हिशोब वेगळा मांडायचा. इतकंच नाही, कर्जदारानं रक्कम कबूल केली तरी ती कबुली खरी आहे आणि आपले हक्क पुरते समजून दिलेली आहे, अशी न्यायाधीशाची खात्री झाली तरच हा तपास टाळता येई, आणि तसं लेखी नोंदवावं लागे. म्हणजे शरमेपोटी दिलेल्या कबुलीला त्या कायद्यात दर्शनी किंमत नव्हती.

आज तसं काही नाही. उलट १९८४ पासून बँकिंग नियमन कायद्यात कलम २१अ आहे. व्याज अवाजवी आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार कोर्टाला उकरून काढता येत नाही. आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक असलेला दामदुप्पटीचा नियम, की व्याज एका वेळी मुद्दलाहून जास्त वसूल होऊ नये, बँकेच्या दाव्यात पुढे केला तर हे कलम आडवं येतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं कार्ड-व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला, दर ठरवणं हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत आहे म्हणून. मला हा निकाल खटकतो. दर मोठ्या अक्षरात छापला होता म्हणून ५१ टक्के वाजवी होत नाहीत. पण कायदा आज तिथे उभा आहे, आणि अशिलाला आपली मतं सांगून भागत नाही.

एक फट मात्र शिल्लक आहे आणि ती लहान नाही. कॉर्पोरेशन बँकेच्या खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांपलीकडे जाऊन व्याज लावलं असेल तर २१अ बँकेला वाचवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्ड निर्देशांनी सांगितलंय की न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज चढवता येत नाही, आणि शुल्कं बदलायची तर महिनाभर आधी कळवावं लागतं. त्या सुपरवायझरच्या स्टेटमेंटात लेट फी आणि जीएसटी पुढच्या महिन्याच्या ‘मागील बाकी’त शिरत होते आणि त्या बाकीवर व्याज बसत होतं की नाही, हे तपासण्याजोगं होतं. शिवाय एक विम्याचा हप्ता दर महिन्याला पडत होता. “हा कसला?” मी विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. फोनवर कुणालातरी ‘हो हो’ म्हटलेलं, एवढंच त्याला आठवत होतं.

रोख्याच्या मागे जाण्याचं काम पूर्वी कायद्यानं न्यायाधीशावर टाकलं होतं. आता ते प्रतिवादीच्या कैफियतीवर येऊन पडलंय. तिनं विचारलं नाही तर कोणीच विचारत नाही.

माझा एक मित्र निवृत्त बँक मॅनेजर आहे. सकाळी टेकडीवर तो मला सुनावतो. “तू लोकांना चुकवेगिरी शिकवतोस. घेतलं तर फेडायला नको? उद्या सगळ्यांनी कैफियती दिल्या तर वसुली व्हायची कशी, आणि शेवटी भुर्दंड ठेवीदारालाच ना?” त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. मी असे प्रतिवादी पाहिलेत ज्यांनी कार्ड घेतल्याचंच नाकारलं, आणि बँकेनं स्टेटमेंट हजर केलं तर त्यात त्यांच्याच मुलीच्या शाळेची फी. सत्यापनाखाली सही करून असं लिहिणारा माणूस आपलंच प्रकरण बुडवतो. हल्ली कर्ज मिटवून देतो म्हणणारे काही सल्लागार फी घेऊन नेमकं हेच शिकवतात: भरू नका, फोन उचलू नका, सगळं नाकारा. याला माझा विरोध मित्राइतकाच आहे.

पण त्याचं शेवटचं वाक्य मला पटत नाही. सगळ्यांनी कैफियती दिल्या तर वसुली थांबेल, याचा अर्थ वसुलीचं गणित प्रतिवादी येणार नाही या गृहीतावर बसवलंय. ते तसंच आहे. अमेरिकेत हा धंदा आणखी पुढे गेलाय. प्यू संस्थेच्या २०२० च्या अहवालात दिसतं की तिथल्या कर्जवसुलीच्या दाव्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक दाव्यांत निकाल प्रतिवादी न आल्यानं लागतो. बुडीत कर्जं घाऊक भावानं विकत घेऊन तिसऱ्याच कंपन्या दावे लावतात, मूळ कागद पुष्कळदा त्यांच्याकडे नसतातही, आणि माणूस हजर झाला तर तेवढ्यावर दावा डळमळतो. बरोबर असलेला हिशोब तपासणीला घाबरत नाही. मित्राच्या काळात लेजरमध्ये पैशाचा फरक आला तर रात्री दहापर्यंत बसून शोधायचे, हे त्यानंच मला सांगितलंय.

तर कैफियत लिहायची कशी? आपल्याकडच्या कोर्टांत एक ठरीव वाक्य आहे: वादपत्रातील कलम अमुक मधील मजकूर खरा नाही, प्रतिवादीस तो मान्य व कबूल नाही. टंकलेखकाला ते तोंडपाठ असतं. एकापासून वीसपर्यंत प्रत्येक कलमाला तेच शेपूट लावलं की कैफियत तयार. दिवाणी प्रक्रिया संहितेला ही भाषा चालत नाही. मोघम नकार म्हणजे कबुलीच, असं आठवी ऑर्डर म्हणते. मी त्या दोघांना डायनिंग टेबलावर बसवलं, पहिल्या महिन्यापासूनची स्टेटमेंटं मोबाईलवर काढायला लावली आणि दोन रंगांची पेनं दिली. वापरलं ते निळ्यानं, कळत नाही ते लाल. किराणा निळा. हॉस्पिटल निळं. फ्रिज निळा. विमा लाल. एका रविवारी पहाटे परदेशी चलनात पडलेली एक रक्कम लाल. दोन वेळा भरलेले पैसे, ज्याचे मेसेज होते पण जमेला दिसत नव्हते, त्यांच्याभोवती बायकोनं लाल वर्तुळ काढलं आणि पेन खाली ठेवलं. शेवटी निळ्याची बेरीज एक्क्याऐंशी हजार काहीशे निघाली. माणसाला आपलं देणं ठाऊक असतं.

तेवढं आम्ही कबूल केलं. यात जोखीम आहे, लपवत नाही: कबूल केलेल्या रकमेपुरता कोर्ट लगेच हुकूमनामा देऊ शकतं. पण बाकीच्या आकड्यासाठी बँकेला आता कागद आणावे लागतात. अर्जाची प्रत, दर बदलल्याच्या सूचना, आणि बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट या १८९१ च्या कायद्याखालच्या प्रमाणपत्रासह खात्याचा पूर्ण उतारा. आणखी दोन मागण्या कैफियतीत आवर्जून घालायच्या असतात. दावा दाखल झाल्यानंतरचं व्याज कराराच्या दरानंच मिळेल असं नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ खाली ते कोर्टाच्या विवेकावर आहे, आणि हुकूमनाम्यानंतरचं सहसा सहा टक्क्यांवर जात नाही. व्यापारी देण्याचा अपवाद आहे, पण आईचं औषध आणि घरचा फ्रिज हा व्यापार नव्हे. दुसरी मागणी हप्त्यांची. हुकूमनामा देताना कोर्ट हप्ते बांधून देऊ शकतं. तो होऊन गेल्यावर हप्ते हवे असतील तर बँकेची संमती लागते. गॅसच्या पुस्तकात समन्स ठेवणाऱ्याच्या हातून ही संधीही निसटते.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणत आलो. ही म्हण वादीला उद्देशून आहे. भाऊबंदकीत बांधासाठी दोन पिढ्या घालवणाऱ्याला ती लागू आहे. ज्याला समन्सनं बोलावलंय त्यानं ती स्वतःला लावून घेतली की ती उलटते.

लोक समन्सकडे दुर्लक्ष करतात त्याला शरमेखेरीज आणखी एक कारण आहे, आणि त्याचा दोष वसुली करणाऱ्यांकडे जातो. समन्स येण्याआधी वर्षभर त्या माणसाला व्हॉट्सॲपवर तराजूचं चित्र आणि लाल अक्षरातल्या ‘अंतिम नोटिसा’ येत असतात, त्यात कुठलाही दावा क्रमांक नसतो. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा दंडक आहे, तो किती पाळला जातो ते ज्याला फोन येतात त्याला विचारा. वीस खोटे लांडगे पाहिलेल्याला एकविसावा खरा ओळखू येत नाही. खऱ्या समन्सवर कोर्टाचा शिक्का, दावा क्रमांक आणि तारीख असते, सोबत वादपत्राची प्रत असते, आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक घातला की प्रकरण समोर येतं. पाकीट घ्यायला नकार दिला तर बजावणी झाली असंच धरतात, हेही सांगून ठेवतो.

लोकअदालतीची नोटीस दिसायला तशीच असते, पण तिचा स्वभाव अगदी उलटा. तिथे गेला नाहीत तर तुमच्याविरुद्ध हुकूमनामा होत नाही, कारण संमतीवाचून लोकअदालतीला काहीच ठरवता येत नाही. गेलात आणि सही केलीत तर मात्र तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. म्हणून जावं जरूर, पण आकडा घरी ठरवून. लवादाची नोटीस आली, आणि लवाद बँकेनंच एकतर्फी नेमलेला असेल, तर गप्प बसण्याऐवजी लेखी हरकत घ्यावी. अशा एकतर्फी नेमणुकांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट कौल दिलाय. आणि समन्सवर ऑर्डर ३७ असा उल्लेख दिसला तर तो समरी दावा. त्यात ३० दिवस नाहीत, दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते आणि पुढे बचाव करण्याचीच परवानगी मागावी लागते. आमच्या सुपरवायझरचा दावा साधा निघाला हे त्याचं नशीब, नाहीतर सव्विसाव्या दिवशी मी त्याला चहा पाजण्यापलीकडे फारसं काही करू शकलो नसतो. त्याच्या बायकोच्या नावे दावा असता तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही फुकट मिळाला असता. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

मुदतीचं एक सांगायचं राहिलं. अशा देण्यासाठी दाव्याची मुदत तीन वर्षांची. १८५९ साली साध्या रोख्यांसाठी अशीच तीन वर्षांची मुदत घातली गेली, कुळाला व्याजाच्या चढत्या डोंगरापासून वाचवायला. सावकारांनी काय केलं? दर तीन वर्षांनी मुद्दल-व्याज एक करून नवा रोखा लिहून घेतला. दंग्यांच्या मागच्या कारणांत हे एक मोठं कारण होतं. आज फोनवरचा गोड आवाज म्हणतो, “सर, फक्त पाचशे भरा, केस पुढे ढकलतो.” मुदत संपायच्या आत भरलेल्या अशा रकमेची लेखी खूण राहिली की तीन वर्षं नव्यानं मोजायला लागतात. मुदत उलटून गेल्यावरही ‘मी देईन’ असं लिहून सही दिली तर करार कायद्याच्या कलम २५ खाली मेलेलं देणं पुन्हा उठून बसतं. आता नव्या रोख्याचं काम पाचशेच्या यूपीआयनं होतं, एवढाच फरक.

त्याचा दावा अजून चालू आहे. बँकेनं उताऱ्यासाठी दोनदा तारीख घेतली. कैफियतीवर सही करायला तो एकोणतिसाव्या दिवशी आला होता. कार्डाच्या अर्जावर त्यानं मॉलमध्ये उभ्याउभ्या टॅबवर बोटानं सही केली होती, काय लिहिलंय ते न बघता. इथे त्यानं अकरा पानं दोनदा वाचली. सातव्या पानावर फ्रिज घेतल्याची तारीख चुकली होती ती त्यानं दाखवली आणि मी दुरुस्त केली. मग पेन हातात धरून त्यानं विचारलं, “साहेब, सही मराठीत केली तर चालते का?”

चालते म्हणालो.